कपाळावरचा घट्टा

माझ्या भावाच्या कपाळावर नमाजाचा घट्टा आहे. काळा, खरखरीत, खजुराच्या बीएवढा. इजिप्तमधल्या आमच्या दमन्हूर गावात अशा कपाळाला मान आहे. पावाच्या रांगेत लोक त्याला पुढे करतात. नुसतं शौकी कुणी म्हणत नाही, शेख शौकी म्हणतात.

आईच्या पाठीवर काय होतं ते कुणी विचारलं नाही. ते मी सांगते.

आईचं नाव नबवीया, माझं इन्साफ. तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि ती खाटेला खिळली. वरच्या मजल्यावर मी आणि ती, मधल्या मजल्यावर शौकीचं बिऱ्हाड, तळाला त्याचं नळ-पाइपांचं दुकान. इस्पितळातून घरी पाठवताना नर्सने बजावलं होतं, थोड्या थोड्या वेळाने हिची कूस बदला, ओल्यात ठेवू नका, नाहीतर पाठ सडेल. सकाळ-संध्याकाळ मी करायची. दिवसभर मी कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवते, म्हणून दिवसाचं काम शौकीकडे आलं. नमाजाहून परतताना वर यायचं, आईला वळवायचं, पुन्हा दुकानात जायचं. एवढंच. त्याच्या बायकोला सांगून पाहिलं होतं, तर सासूची सेवा सुनेवर बंधनकारक नाही हे शौकीनेच मला किताब उघडून दाखवलं. मुलावर आहे ना, म्हटलं. म्हणाला, आहे, नक्कीच आहे, अल्ला मला बळ देवो.

तो वर यायचा नाही असं नाही. यायचा. डोक्याशी बसून सुरेल आवाजात पठण करायचा, आईच्या कपाळावर फुंकर घालायचा, डोळे पुसत जिना उतरायचा. ते रडणं खोटं नव्हतं, हेही लिहून ठेवते. पण तिच्या अंगाखाली त्याने कधी हात घातला नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी त्याला धरलंच. म्हटलं, तिकडून उचल.

"मी नमाजासाठी हातपाय धुऊन वुजू केलाय, इन्साफ," तो म्हणाला. "कपड्याला मूत लागलं तर सगळं पुन्हा धुवावं लागेल. मशिदीतली जमातीची नमाज चुकेल माझी."

"मग धू की. नळाचंच दुकान आहे ना तुझं?"

तो हसला. त्याला राग येत नाही. हाही त्याच्या मोठेपणाचाच भाग.

आणि आई कुणाच्या बाजूची? जिन्यात शौकीचं पाऊल वाजलं की धड हाताने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायची, वास बाहेर येऊ नये म्हणून. तो अल्लाच्या घरून येतो, त्याला काय हे दाखवायचं, म्हणायची. मला मात्र सुनावायची, की तुझे हात किती गं खरखरीत, शौकीच्या आवाजाने कशी झोप लागते.

रमजान आला तसा शौकी मक्केच्या यात्रेला, उम्ऱ्याला निघाला. आईसाठीच. काब्यासमोर उभा राहून तिच्यासाठी दुआ मागणार होता. मी म्हटलं, नको जाऊस, त्या पैशात हवेची गादी येईल, ती आपोआप खालीवर होते, मग तू हात लावला नाहीस तरी चालेल.

"तू गादीवर भरवसा ठेव," तो म्हणाला, "मी अल्लावर ठेवतो."

दुकानात बसलेली मंडळी सुभानल्ला म्हणाली. मीही अल्लाला मानते. पण मी मानते त्या अल्लाने माणसाला दोन हात दिलेत, आणि त्यांचं काय केलंस हे तो एक दिवस विचारणार आहे.

आईच्या पाठीवरची जखम तोवर मुठीएवढी झाली होती, आत हाड दिसायचं. कातडी एकाच जागी दाबत राहिली की मरते. शौकीची जमिनीवर कपाळ टेकून मेली, आईची खाटेवर पडून. एका जागेला लोक ओठ टेकतात, दुसरीवर माशा बसायच्या.

मक्केहून त्याने व्हिडिओ कॉल केला. मागे पांढऱ्या कपड्यांची गर्दी, पुढे त्याचा भिजलेला चेहरा. आईला दाखव म्हणाला, सगळे तिच्यासाठी आमीन म्हणतायत. मी आईला कुशीवर घेतलं, पट्टी सोडली आणि फोन तिथे धरला. आमीन थांबलं. शौकीने मान फिरवली, फोन बंद झाला. मग त्याचा नुसता आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला: "परक्या पुरुषांसमोर आईला उघडी केलीस. कयामतीला काय उत्तर देशील?" जखमेबद्दल एक शब्द नाही.

तो परत आला आणि ईदच्या तोंडावर आई गेली. जखमेचं विष अंगभर पसरलं होतं.

मय्यत धुवायला दौलत आली. आमच्या भागातल्या बायांना शेवटची आंघोळ तीच घालते. मी पाणी ओतत होते. तिने आईला वळवलं आणि थबकली. मग कापूस मागितला. भरत राहिली. संपला तसा आणखी मागितला. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मेलेल्याचं झाकायचं असतं, पोरी. आपण काही पाहिलं नाही."

तसा धर्मच आहे. धुणारीने पाहिलेलं तिच्यापाशीच राहतं. त्या आडोशाला किती मुलगे पुण्यवान राहिलेत, ते एकट्या दौलतला ठाऊक.

दार उघडलं तर समोर शौकी, मागे शेजारीपाजारी. आईच्या चेहऱ्यावर अल्लाचा नूर होता ना, त्याने विचारलं. होता, दौलत म्हणाली. तो ढसाढसा रडला.

मी बोलले. सगळ्यांसमोर. म्हटलं, पाठीत माझी मूठ जाईल एवढं भोक होतं, आणि हा तिच्या डोक्याशी बसून बसून उठून गेला. वाटलं, आता तरी कुणी त्याला विचारेल. बायांनी मलाच दाबलं. मेलेल्या आईची अब्रू अशी चव्हाट्यावर आणतात का, म्हणाल्या. शौकीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुःखाने बोलतेय, म्हणाला, अल्ला तिला माफ करो. त्याच्या सबुरीचं म्हाताऱ्यांनी कौतुक केलं.

सांत्वनाचे दिवस सरत आले तेव्हा एक बाई जिन्यात उभी दिसली. तिचे सासरे महिनोन्महिने अंथरुणावर होते, शेख शौकींनी येऊन पठण करावं अशी तिची विनवणी होती. शौकीने लगेच पायात चपला अडकवल्या. मी त्या बाईचा दंड धरला आणि विचारलं, सासऱ्यांना कुशीवर कोण वळवतं?

तिने माझ्याकडे पाहिलं, मग शौकीकडे.

"कशाला वळवायचं?" ती म्हणाली.