बाजूचा बघून तसाच

मी बोलतोय तो यरुशलेमच्या एका प्रयोगशाळेच्या कपाटातल्या खोक्यातून. मी रेणू आहे, म्हणजे रेणूचा प्लास्टिकचा सांगाडा. मधे काळा गोळा, भोवती काड्यांवर पांढरा, पिवळा, हिरवा आणि तांबडा. जन्मानं मी डावा. माझा भाऊ उजवा, आरशात दिसावा तसा.

आम्हाला जोडलं पुण्याच्या वेदिकानं, १९९८ साली. क्वांटम सिद्धांत म्हणतो, डाव्या आणि उजव्या रेणूच्या ऊर्जेत अतिसूक्ष्म फरक असतो. तो गणितानं पकडायला ती इथे आली होती. आमच्याकडे बघून ती कोणता अणू कुठे ते संगणकाला सांगायची आणि नखं खात उत्तराची वाट बघायची. फरक सापडला तर मुक्काम वाढणार होता, नाहीतर परत पुणं.

पेसाख जवळ आला. या सणाआधी इथली माणसं पावाचा कणही घरात राहू देत नाहीत. आमच्या सफाईवाल्या रुथबाई मूळच्या ठाण्याच्या. त्यांनी प्रयोगशाळेलाही सोडलं नाही. त्यांचं फडकं लागून मी खाली पडलो आणि विखुरलो. बाई बिचाऱ्या घाबरल्या. भावाला समोर ठेवून त्यांनी मला हुबेहूब जुळवलं. झालं, मीही उजवा! खऱ्या रेणूला मधला अडथळा पार करून बाजू बदलायला युगं लागतात म्हणे. मला एक फडकं पुरलं.

“पोरी, हा माझ्या हातून पडला हां. बाजूचा बघून तसाच लावलाय. चेक कर.”

“असू दे, मावशी. छान झालाय,” पडद्यावरची नजर न काढता वेदिका म्हणाली.

अगं, बघ तरी! पण मला तोंड कुठे आहे?

सणानंतर तिनं गणित नव्यानं मांडलं. दोन्ही उत्तरं तंतोतंत एक. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दरवेळी माझ्याकडेच बघून. शेवटी तिचे प्रोफेसर अमनोन शेजारी येऊन बसले.

“फरक आपल्या संगणकाच्या आवाक्याबाहेरचा दिसतोय. तुझा दोष नाही.”

त्या मायेनं ती जास्तच रडली.

जाताना तिनं आम्हाला खोक्यात भरलं. मला भावावर ठेवलं, तर पांढऱ्यावर पांढरा, हिरव्यावर हिरवा, मी अलगद बसलो. डावा उजव्यावर असा कधीच बसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तिचे डोळे भरले होते. तिनं झाकण लावलं.

त्याला आता आठ वर्षं झाली. हे खोकं जो कुणी उघडेल, त्यानं तिला एवढा निरोप द्यावा: वेदिका, तुझं गणित चुकलं नव्हतं गं. तुझ्यासमोर डावा नव्हताच.