झाडलेल्या बंदरावरचा काटा

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण माझ्या पारड्यांना सुक्या बोंबलांचा वास येतो. तो धुऊन जात नाही, आणि गेलेला मला चालणारही नाही.

माझी लोखंडी दांडी तळा गावच्या धर्माजी लोहाराने घडवली. पारडी फणसाच्या लाकडाची. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या छोट्या बंदरातल्या दुकानदारांनी व्यापारी मंडळ काढलं. सरकारदरबारी एकट्यादुकट्याला कोण विचारतो? सगळे मिळून गेलो तर ऐकतील, असा त्यांचा विचार. मंडळाने पहिलं काम केलं ते मला आणण्याचं. धक्क्यावर तीन बांबूंच्या घोड्यावर मला टांगलं आणि ठरवलं, की आगबोटीवर चढणारा सगळा माल माझ्यावर तोलूनच जाईल. मग तो शेटजींची सुपारी असो नाहीतर कोळणीची सुकट.

माल तोलून देणारा अनंता तोलारी मला रोज तेल द्यायचा. मुंबईचे दलालसुद्धा म्हणायचे, "मंडळाचा काटा ना? मग परत तोलायला नको." काय सांगू, असं ऐकलं की माझी दांडी नुसती ताठ व्हायची!

चंद्राबाई कोळीण माझी सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. नवऱ्यामागे तिने सुक्या मासळीचा व्यापार उभा केला होता. पण मंडळाच्या बैठकीला तिला कोणी बोलवत नसे. तिचा माल मंडळाच्या काट्यावर चाले, ती मात्र मंडळात चालत नसे. मला याचा फार राग यायचा, पण काट्याला विचारतंय कोण!

अशात एके वर्षी चैत्रात बातमी आली. आमच्या बंदरात पुरेसा माल नसतो, म्हणून आगबोट इथे थांबवायची नाही, असं सरकारात चाललं होतं. सरकारचा एक साहेब स्वतः येऊन बंदर पाहणार आणि तिथल्या तिथे निर्णय देणार होता. आगबोट गेली तर चंद्राबाईची मासळी मुंबईला पोचणार कशी? बैलगाडीने नेता नेता पावसाळाच यायचा. अख्ख्या कोळीवाड्याची चूल त्या बोटीवर होती.

मंडळाचे अध्यक्ष हरेश्वरशेट माणूस चांगला, पण पाहुणा म्हटला की त्यांना काही सुचत नसे. साहेब शुद्ध शाकाहारी आहे असं कुठून तरी त्यांच्या कानावर आलं. झालं! त्यांनी हुकूम सोडला, धक्का धुऊन काढा. जाळी उचलली, वाळत घातलेले बोंबील उचलले. सडा घातला, रांगोळी काढली. स्वागताच्या कमानीला बांबू कमी पडले, तर माझ्या घोड्याचे बांबू काढून नेले! मला सुकटीच्या टोपल्यांबरोबर कचेरीच्या पडवीत टाकलं आणि वरून ताडपत्री ओढली.

"चंद्राबाई, तू इथंच बस," शेट म्हणाले. "साहेब जाईपर्यंत एक शब्द काढू नकोस. सगळ्यांच्या भल्याचंच आहे."

"बरं शेट," चंद्राबाई म्हणाली. पण माझं पारडं तिने घट्ट धरून ठेवलं.

ताडपत्रीच्या फटीतून मला दिसलं, साहेब लाँचमधून आला. शेटनी हार घातला आणि अर्ज वाचला. इथून मुंबईला किती माल जातो, किती घरं त्यावर जगतात, सगळं वाचलं. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने चारी दिशांना पाहिलं. सुपारीचा हंगाम कधीच उलटला होता. सगळा माल होता तो माझ्या शेजारी, ताडपत्रीखाली.

"बंदर फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही," साहेब म्हणाला. "पण माल कुठाय? इथं तर एक गोणसुद्धा नाही. बोट थांबवायची कशासाठी?"

माल लपवलाय, तोही तुमच्यापासून, हे शेट कोणत्या तोंडाने सांगणार? तेवढ्यात लाँचवाला ओरडला, "साहेब, ओहोटी लागली! आता निघालो नाही तर चिखलात रुतू." साहेब उठला आणि पायऱ्यांकडे चालू लागला.

अहो, माझा जीव तीळतीळ तुटत होता! मी इथे असून कोणाच्या उपयोगाचा नव्हतो.

तोच ताडपत्री उडाली. "अनंता, उचल काटा!" चंद्राबाई ओरडली. दोघांनी मला फरफटत धक्क्यावर आणलं. मागून बायका टोपल्या घेऊन धावल्या.

"सायेब, थांबा! माल बगायचा हाय ना? ह्यो बगा माल. वास येतंय म्हनून लपवलावता. पन ह्याच वासावर आमची पोरं जगतात!"

साहेबाने नाकाला रुमाल लावला. पण मला टांगणार कशावर? माझे बांबू तर कमानीत! ओहोटीचं पाणी पायऱ्या सोडून चाललं होतं. तेव्हा मित्रांनो, हरेश्वरशेट पुढे आले. होडीतलं वल्हं त्यांनी उचललं, एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "अनंता, दुसरं टोक तू धर. टांग काटा." नवा कोरा पांढरा कोट होता अंगात! बोंबलांच्या टोपल्या त्या कोटाला घासत होत्या, आणि शेट दात आवळून उभे होते. चंद्राबाई टोपल्यांवर टोपल्या चढवत गेली. मीही कधी नव्हे इतक्या नेटाने तोललं.

लाँचवाला शंख करत राहिला. साहेब मात्र रुमाल नाकाशी धरून शेवटच्या टोपलीपर्यंत हलला नाही.

"बोट थांबेल," तो लाँचमध्ये चढता चढता म्हणाला. "आणि शेटजी, पुन्हा कुणाला बोलवाल तेव्हा बंदर झाडू नका."

पुढच्या बैठकीला शेट स्वतः चंद्राबाईला बोलवायला गेले.

पुढे किलोची वजनं आली. माझी मणाशेराची वजनं भंगारात गेली आणि मी मंडळाच्या कचेरीत भिंतीवरच्या खुंटीला लागलो. शेट थकले, नवी माणसं आली. आज रस्त्याची मागणी ऐकायला कोणी मोठा पाहुणा यायचा आहे. म्हणून सकाळीच मला काढून अडगळीच्या खोलीत टाकलंय. का, तर वास येतो!

पण आत्ता भिंतीपलीकडून चंद्राबाईचा आवाज ऐकू येतोय. म्हातारी झालीय, तरी आवाज तोच.

"खुंटीवरचा काटा कुठाय? त्यो जागेवर येत न्हाय तवर मी बसायची न्हाय."

कोणी म्हणतंय, "आजी, पाहुणे येतील, बसा ना." ती बसत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, त्यांना तेल द्या, हवं तर उन्हात ठेवा. पण ज्याच्यावर घर चाललं त्याची लाज धरून त्याला लपवू नका. ऐका, आता खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काठी टेकत, खोकत कोणीतरी इकडे येतंय. ही खोकल्याची ढब मी ओळखतो, हरेश्वरशेटच ते. कडी काढताहेत.