पुढं एक, मागं तीन

शुक्रवार उजाडून ऊन अंगणात आलं तरी लोहाराची भट्टी थंडच होती. फाळ खांद्यावर टाकून आलेला शेतकरी दारातच भडकला.

"चाचा, जुम्म्याला अकरा वाजता बंद करता ते ठाऊक आहे मला. पण आज पेटवलीच नाहीत? रान असं तापलंय, ढेकूळ फेकून मारलं तर माणूस आडवा होईल. आणि या फाळाला धार म्हणून नाही!"

"उद्या ये."

"उद्या? माझे बैल काय तुमच्या जुम्म्यासाठी थांबणार?"

"थांबतील. तुझ्यापेक्षा समजूतदार आहेत ते."

शेतकरी फाळ तिथंच आपटून, चार शब्द पुटपुटून चालता झाला. एरवी गिऱ्हाईक असं परत गेलं असतं तर लोहाराला दिवसभर चुटपुट लागली असती. आज त्याच्या डोक्यात दुसरंच घोंघावत होतं. आज त्याला एक माणूस हवा होता.

गावात नमाज पढणारे मुळातच मूठभर. जुम्म्याची नमाज काही एकट्यादुकट्याची नव्हे. पुढं एक पढवणारा आणि मागं निदान तीन माणसं लागतात. आजवर पुढं लोहार, मागं टेलर, गवंडी आणि पंक्चरवाला, असं कसंबसं जमत आलं होतं. पंक्चरवाला लेकीकडे शहरात राहायला गेला आणि घोडं अडलं. गेले दोन शुक्रवार तिघांनी रोजच्यासारखी दुपारची नमाज पढून मुकाट घर गाठलं. आज तिसरा. लागोपाठ तीन जुम्मे चुकवले तर काळजावर मोहर बसते, मग त्यात चांगलं काही शिरत नाही, हे लोहाराच्या बापानं त्याला लहानपणीच बजावलं होतं.

"अहो, ते आळसानं चुकवणाऱ्याला," टेलर समजूत काढायचा. "आपण काय मुद्दाम करतोय?"

टेलरचं काय जातं बोलायला! त्याच्या घरात सात माणसं, उलट कधी गप्प बसतील म्हणून तोच नवस करायचा. लोहाराची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात बोलायचं तर ऐरणीशी. सहा दिवस तो त्या एका दुपारच्या आशेवर काढायचा. तीही गेली तर उरलं काय?

चौथा माणूस गावात नव्हता असं नाही. होता, तीच तर पंचाईत होती. लोहाराच्या बायकोचा सख्खा भाऊ, राखणदार. रात्रभर लोकांच्या मक्यात डबे बडवत डुकरं हाकलायची, हा त्याचा धंदा. सहा वर्षांमागं एका जुम्म्याला नमाजेआधीचं प्रवचन, म्हणजे खुतबा, चालू असताना त्याचा डोळा लागला आणि तो चक्क घोरायला लागला. लोहारानं वाचता वाचता थांबून सगळ्यांदेखत सुनावलं, "घोरायचं तर घरी घोर. एका माणसावाचून जुम्मा अडत नाही." राखणदार उठला, चपला हातात घेतल्या आणि गेला तो गेलाच. बायको शेवटपर्यंत म्हणायची, "एकदा जाऊन हाक मारा हो त्याला." लोहाराचं ठरलेलं उत्तर, "पाय त्यालाही आहेत."

आज लोहारानं सकाळीच अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि बांधाची वाट धरली.

राखणदार मचाणाखाली चहा पीत बसला होता. डोळे लाल, दाढी पांढरी झालेली. लोहाराला बघून तो उठला नाही, पण पेला मात्र खाली ठेवला.

"या, दाजी. वाट चुकलात काय?"

"आज जुम्मा आहे."

"दर आठवड्याला असतो."

"एक माणूस कमी पडतोय."

"एका माणसावाचून अडत नाही म्हणे."

"अडलंय रे." एवढं बोलताना लोहाराला घाम फुटला. "माझंच चुकलं. रात्रभर जागणाऱ्याला मी झोपेवरून बोललो."

"अडला हरी म्हणतात, ते हेच," राखणदार हसला, पण हसू काही टिकलं नाही. "ताई असताना का नाही आलात?"

"तेव्हा अक्कल नव्हती."

"आणि आता आली?"

"अकलेचं माहीत नाही. घरात कुणी नाही, एवढं खरं."

वाऱ्यानं मक्याची वाळकी पानं वाजत होती. राखणदारानं पेल्यातला उरलेला चहा बांधावर ओतला.

"येतो," तो म्हणाला. "पण तुमच्या मागं उभा राहणार नाही."

"म्हणजे?"

"नमाजेत खोटं कशाला? तुमची पाठ समोर दिसली की मला तो दिवस आठवणार, अल्ला नाही आठवणार. टेलरला पुढं करा."

पुढची ती जागा लोहाराच्या बापाची. बापामागं एकतीस वर्षं त्याची. लोकांच्या कुऱ्हाडी-विळे ठोकण्यात जन्म गेलेल्या माणसाला गावात मान मिळायचा तो त्या एका जागेवर. ती सोडायची, आणि तीही मेहुण्याच्या शब्दाखातर!

"टेलर?" त्यानं पुन्हा विचारलं.

"टेलर."

लोहारानं वर बघितलं. ऊन डोक्याकडं सरकत होतं.

"अंघोळ कर लवकर," तो म्हणाला. "मी थांबतो."

मशिदीत टेलरची गाळण उडाली. "मी? चाचा, अहो, माझे पाय लटपटतात."

"लटपटू देत. वाचायचंय तोंडानं."

टेलरनं कसाबसा खुतबा वाचून काढला. मग नमाजेला तो पुढं उभा राहिला. लोहारही सवयीनं पुढंच निघाला होता. गवंड्यानं हळूच सदरा धरून त्याला रांगेत ओढलं. एका बाजूला गवंडी आला, दुसऱ्या बाजूनं राखणदार सरकत सरकत जवळ आला. मधली फट बुजली आणि त्याचा खांदा लोहाराच्या खांद्याला टेकला.

लोहाराला एकदम भरून आलं. बायको गेल्यापासून त्याच्या इतक्या जवळ कुणी उभं राहिलं नव्हतं. पुढं उभं राहणाऱ्याच्या शेजारी कुणी नसतं, हे एकतीस वर्षांत त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

टेलर शब्दाशब्दाला अडखळत होता. लोहार मनातल्या मनात म्हणत होता, अडखळ बाबा, खुशाल अडखळ. आज काही घाई नाही.