नंबर नसलेले दात

...बटणावरचा रंग बरोबर अंगठ्याएवढाच उडाला होता, आणि उडवला होता धाकट्याच्याच अंगठ्याने – रोज आल्या आल्या कॉम्प्युटर चालू करायचा, मग चहा. आज चहावर साय धरली होती आणि अंगठा बटणापासून बोटभर लांब, तसाच.

"चालू कर की रे," पलीकडच्या टेबलावरून थोरला भाऊ म्हणाला. मेणाचा दात कोरताना तो मान वर करत नाही. "आत्याचे दात परवा काढले. जखम भरेपर्यंत डिझाइन तयार हवं. स्कॅन तुझ्याकडे आहेच."

आहेच...

दातांची ही लॅब दोघा भावांची; थोरल्याचा हात मेणात आणि प्लास्टरमध्ये, धाकट्याचा पडद्यावर. इथे येणाऱ्या प्रत्येक जबड्याला नंबर, नंबर असेल तर बिल. घरच्या माणसाला कसलं बिल? म्हणून नंबरही नाही – वडलांपासूनची ही रीत, आणि या मोठेपणाचा दोघांनाही कोण अभिमान! शनिवारी संध्याकाळी धाकट्याने डिस्क साफ करायला घेतली तेव्हा एकच नियम लावला, ज्याला नंबर नाही ती अडगळ. शीळ घालत पुसलं, कचरापेटीही रिकामी केली आणि मशीन बंद करून घरी गेला. काल दात घासता घासता आठवलं. आरशात तोंडभर फेस, आणि मागे आत्या, लॅबच्या खुर्चीत आ करून बसलेली. दात इतके हलत होते की ठसा घ्यायचा मसाला तोंडात दाबून माप घेतलं असतं तर मापाबरोबर दातच हातात आले असते, म्हणून त्याने स्कॅन केलं होतं. दुसरी प्रत? प्रती निघतात त्या नंबर पाहून. हा नियमही त्याचाच.

काल डिस्क दुरुस्त करणाऱ्याला फोन केला तेव्हा तो हसलाच होता. "नुसतं पुसलंय ना? मग आत असेल अजून. ट्रिम लावलेलं नाही ना तुम्ही?"

लावलेलं होतं. महिन्यापूर्वी मशीन रखडायला लागलं म्हणून टर्मिनल उघडून हुकमाच्या एका ओळीत त्यानेच लावलं, आणि वर थोरल्याला ऐकवलं – दादा, आपण फाइल पुसतो म्हणजे फक्त दारावरची पाटी काढतो, सामान खोलीतच असतं. या एसएसडी डिस्कला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही की खोली रिकामी झाली. ट्रिम ते सांगतं, मग ती खोल्या धुऊन काढते. दर सोमवारी, रात्री बाराच्या ठोक्याला, आपोआप. बंद मशीनमुळे पाळी चुकली तरी चालू केल्यावर भरून काढते. "तुझ्यापेक्षा बरी म्हणायची," थोरला तेव्हा म्हणाला होता.

आज सोमवार. पाळी चुकलेली होती.

"बटणच दाबू नका," डिस्कवाल्याने बजावलं होतं, "कॉम्प्युटरची पेटी उचला आणि तशीच घेऊन या. मिळेलच म्हणत नाही, पण मिळणार नाही असंही म्हणत नाही." तशीच उचला! थोरल्याच्या टेबलासमोरून, हातात पेटी घेऊन, कुठे निघालास याचं उत्तर तोंडात तयार ठेवून...

आणि दाबलं तर? हा विचार मांजरासारखा आला, पाय न वाजवता. दाबलं तर स्कॅन जाईल आणि पुसल्याची खूणही त्याच्याबरोबर जाईल. मग म्हणता येईल, डिस्क बिघडली दादा, यंत्रच ते. यंत्राला कोण जाब विचारतो? तो कसा दिसेल तेव्हा – कपाळाला हात लावलेला, बिचारा. स्वतःचा तो चेहरा त्याला इतका स्पष्ट दिसला की किळस आली.

फोन वाजला. आत्या. आई गेल्यावर दोघांना हिनेच वाढवलं. आता दात नसल्याने तिचे शब्द ओले आणि सैल झाले होते.

"काय रे, लागलास का कामाला? तो वाकडा दात तसाच ठेव हं. सरळ-बिरळ करशील, हौशी कुठला!"

"आत्या, जन्मभर फोटोत तोंडावर हात धरलास त्याच्यापायी."

"धरला खरा. पण उद्या सरळ दातांनी हसले तर तुम्ही तरी ओळखाल का मला?"

ओळखू की! सुईत ओवायचा दोरा ती त्याच दाताने तोडायची, रागावली की तो आधी दिसायचा, हसू दाबलं तरी तो बाहेर यायचाच – ते स्कॅन नसलं तरी आठवणीवरून... त्याने डोळे मिटले. दोरा दिसला. ओठ दिसले. दात – डावीकडचा? की उजवीकडचा? स्कॅन त्याने स्वतः केलं होतं, पडद्यावर गोल गोल फिरवून पाहिलं होतं. दोरा पुन्हा ताणला, आत्याने मान वळवली, आणि ओठांच्या मागे जागा नुसती स्वच्छ होती.

फोन ठेवून तो खाली वाकला आणि त्याने प्लगच काढला.

"दादा..." तो म्हणाला. "आत्याचा वाकडा दात कुठल्या बाजूचा रे?"

"हा काय प्रश्न? डावा..." थोरल्याने पहिल्यांदाच मान वर केली. त्याची जीभ नकळत स्वतःच्या दातांवरून फिरत होती, डावीकडे, मग उजवीकडे. मेणाची सुरी हवेतच राहिली. "थांब जरा... पण तू का विचारतोयस? स्कॅन आहे ना?"

पेटी अजून खालीच होती, वायर हातात. सांगायचं होतं, ते आता पाटी काढून झाकण्याजोगं उरलं नव्हतं. आणि पहिल्यांदाच त्याला भीती स्वतःसाठी वाटत नव्हती, ती त्या दातासाठी वाटत होती – जो अजून आत कुठेतरी, बाजू धरून, वाकडा उभा असेल... असेल तर.