सांबारावर पाणी

बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर माणिकबाई आणि भगवंत या नवराबायकोचं भाजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ताडपत्री, चार टोपल्या आणि बत्तीस वर्षांची हुज्जत. ती रोज सकाळी सांबारावरून, म्हणजे कोथिंबिरीवरून, सुरू व्हायची. माणिकबाई जुड्यांवर पाणी मारायची.

"पानी नको मारू, सडते," भगवंत म्हणायचा.

"नाही मारलं त वाळते."

तोवर गिऱ्हाईक आपल्याच हातानं वांगी तोलून निघून जायचं.

दिवाळीनंतर भगवंताला लकवा मारला. हातपाय थोडे सावरले, वाचा गेली. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाचा येऊ शकते. त्यांना बोलतं करा. पण घरात भांडण नको."

"भांडन नाही जी, आमची हुज्जत असते."

"फरक काय?"

"भांडन झालं का मानूस ताटावरून उठते. हुज्जत जेवता जेवता असते."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. औषधच असावं, कारण मेडिकलवाल्याला ते वाचता आलं.

माणिकबाई रोज भगवंताला ताडपत्रीवर आणून बसवू लागली आणि मुद्दाम चुकीचं करू लागली. टमाट्यांवर कोहळं ठेवलं. भगवंतानं मान हलवली : हो. बटाट्यांना आंघोळ घातली. हो. शेवटी तिनं ठेवणीतलं काढलं. "अमरावती म्हंजे बडनेऱ्याचा एक मोहल्ला हाय." भगवंत जन्माचा अमरावतीकर. याच गोष्टीवरून त्यांची वरात अर्धा तास अडली होती.

भगवंतानं मान हलवली.

शेजारच्या फुलवाल्या नत्थुजींनी हातातला हार खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनंच हुज्जत घातली. "पानी नको मारू, सडते," जाड आवाजात. "नाही मारलं त वाळते," आपल्या आवाजात. "मले शिकवू नको." "मंग कोनाले शिकवू?" लोक थांबले. भगवंतही ऐकत होता. त्याच्या बाजूनं ती इतक्या नेटानं बोलली की स्वतःच हरली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं पाण्याचा मग बाजूला ठेवला.

दुपारपर्यंत सांबारानं माना टाकल्या. माणिकबाईचंच खरं निघालं. तिनं सुकलेली जुडी भगवंतापुढे धरली.

"पाहा! मी काय म्हनत होती?"

भगवंतानं जुडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. हो.

जुडी मांडीवर ठेवून ती हळूच म्हणाली, "असं नसते जी. पयले नाही म्हना."

भगवंतानं मान हलवली : हो.