शिक्का नसलेला फोटो

मी एक कॅमेरा बोलतोय. मोबाईलमधला नाही. गळ्यात अडकवायचा, काळा, जड. जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला, पण तिथलं काही आठवत नाही. डोळा उघडला तो पुण्यात, मालकाच्या हातात.

मालकाला फिरायची आवड. सुट्टी मिळाली की आम्ही निघायचो. हापशावरच्या बायका, झाडाखाली दाढी करणारा न्हावी, एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेला म्हातारा, असं काय काय मी टिपलं. मालक प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहायचा. लोक वाहवा करायचे. माझं नाव कुठेच नसायचं, तरी मला बरं वाटायचं. तेव्हा मला अक्कल नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, सोयाबीन निघाल्यावर, आम्ही जऊळका स्टेशनवर उतरलो. तिथून ऑटोने एका तांड्यावर गेलो. एका घरासमोर रुपाबाई मिरच्या वाळत घालत होती. तिच्या घराच्या एका भिंतीला पावसाळ्यात भगदाड पडलं होतं आणि तिथे ताडपत्री बांधलेली होती. ऊन तिरपं झालं होतं. मालकाने मला डोळ्याला लावलं.

"थांबा सायेब," ती म्हणाली आणि आत पळाली. बाहेर आली ती आधार कार्ड छातीशी धरून. नवऱ्याला तिने हाक मारली. "ताडपत्री काढा ना. भगदाड दिसू द्या सायेबाले."

किशनने ताडपत्री सोडली. मला तेव्हा कळलं. त्या भागात घरकुलासाठी माणसाला पडक्या घरासमोर उभं करून फोटो काढतात. एरवी कुणी कशाला त्यांच्या घराचा फोटो काढील? आणि फोटो काढणारे येतात ते मोबाईल घेऊन. एवढा मोठा कॅमेरा म्हणजे साहेबही मोठाच, असं तिने धरलं.

"कार्ड नको," मालक म्हणाला. "नेहमीसारख्या बसा."

"मांगच्या टायमाले तं लागलं होतं," ती पुटपुटली. पण कार्ड खाली ठेवून बसली.

शेजारचा हेमसिंग बाजेवर बसून बघत होता. तो म्हणाला, "भाबी, हसजो नको. हसली तं सायेबाले वाटन, हिले घराची गरजच नाई."

आणि ती हसली. तोंडाला पदर लावायचंही तिला सुचलं नाही. मी तोच क्षण पकडला. मागे भगदाड, पुढे लाल मिरच्या, मध्ये ती हसणारी बाई.

"सायेब, आता होईन ना घर?" तिने विचारलं.

मालक माझ्या पाठीवरच्या पडद्यात फोटो बघत होता. "होईल, होईल," तो म्हणाला.

त्याला प्रश्न ऐकू गेला नाही, असं तो पुढे म्हणाला. मी त्याच्या छातीवर होतो. ऐकू गेला होता. पण ऊन उतरत होतं आणि त्याला अजून चार फोटो हवे होते.

त्या फोटोला पुण्यात बक्षीस मिळालं. खाली मालकाने लिहिलं होतं, 'सुखाला भिंती लागत नाहीत.' प्रदर्शनात लोक फोटोसमोर थांबायचे. एक बाई म्हणाल्या, "बघा, हे लोक किती थोडक्यात खूश असतात." मग त्या चहा घ्यायला गेल्या.

यंदा उन्हाळ्यात मालक पुन्हा तांड्यावर गेला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो फोटो सोबत नेला होता, चांगला हातभर रुंद. हेमसिंगचं घर आता विटांचं झालं होतं. रुपाबाईच्या घरावर तीच ताडपत्री.

तिने फोटो घेतला, पदराने पुसला. स्वतःकडे तिने नीट बघितलंही नाही. उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"शिक्का कुठी हाय, सायेब?"

"कसला शिक्का?" मालकाने विचारलं.

"घर मंजूर झाल्याचा."

मग शेजारून आलेल्या हेमसिंगनेच सांगितलं. त्या वर्षी दिवाळीनंतर ती दोघं ऊस तोडायला गेली होती. मागे पाहणीवाला आला. हेमसिंगने फोन केला की दोन दिवस या, फोटो काढून जा. तर ही म्हणाली, "आमचा झाला. तू होता ना तिथंच. मोबाईलवाल्याच्या मांगं आता कायले धावू?" हेमसिंगलाही ते पटलं. यादी लागली, तीत तिचं नाव नव्हतं.

मालकाचा चेहरा उतरला. "पण मी सरकारी माणूस आहे, असं कधी म्हटलं?"

"नाई म्हटलं," रुपाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी इचारलं, तं तुमी होईल म्हटलं."

किशनने तो फोटो बोटांनी दाबून पाहिला. "पुठ्ठा दमदार हाय," तो म्हणाला. ताडपत्री वर करून त्याने तो भगदाडात बसवला आणि खाली दगड लावला. वारा तेवढ्यापुरता थांबला.

मालकाने मला पुन्हा उचललं. माझ्यासमोर तीच भिंत होती, त्याच भिंतीचा फोटो होता, आणि बाजूला ती उभी होती.

"आता कायले काढता?" ती म्हणाली. "आता मी हसून नाई राह्यली."

मालकाने बटण दाबलं. बटण दाबलं की मला डोळा मिटावा लागतो आणि उघडावा लागतो. नाही म्हणायची सोय माझ्यात कुणी ठेवलेली नाही.

तो फोटो अजून माझ्या कार्डात आहे. मालकाने तो कुणाला दाखवला नाही. त्याने नवा, हलका कॅमेरा घेतला आहे. मी कपाटात पडून आहे. भिंगावर बुरशी धरू लागली आहे. धरू दे.

तुम्हीही फिरता, फोटो काढता. माझं एवढंच ऐका. कुणासमोर कॅमेरा धरण्याआधी आपण कोण, कशासाठी आलो, ते सांगा. समोरच्याने काही विचारलं, तर पडद्यावरून मान वर करा आणि मग उत्तर द्या. रुपाबाईचा एक पावसाळा तर गेलाच. आता पुढचा येतोय, आणि पुठ्ठा पाण्यात टिकत नाही.