साक्षीदार ‘अ’

सहायक आयुक्त रंगरावांना आपल्या लिखाणाचा फार अभिमान होता. पोलिसाची टोपी आणि दंडाधिकाऱ्याची खुर्ची एकाच माणसाला देण्याची आपल्याकडे सोय आहे. रंगराव टोपी सवयीने घालत आणि खुर्चीत मात्र हौसेने बसत. एखाद्या गुंडाला तडीपार करायचं, म्हणजे शहराबाहेर काढायचं, तर चौकशी त्यांनी करायची, नोटीसही त्यांनीच काढायची. शेवटची सही तेवढी वरच्या साहेबांची. गेल्या वर्षी त्यांची दोन प्रकरणं अपिलात उडाली. ‘नोटीस मोघम आहे, आरोप काय तेच कळत नाही,’ असा शेरा आला आणि ते दोघेही गुंड गळ्यात हार घालून गल्लीतून मिरवले. हारांपेक्षा तो शेराच रंगरावांना जास्त झोंबला.

आता सोनूची पाळी होती. मंडईमागच्या एका गल्लीत त्याचं टोळकं कोयते घेऊन फिरायचं, उभ्या गाड्यांच्या काचा फोडायचं, दुकानदारांना दमात घ्यायचं. हे अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं, आणि विचारायला गेलं तर गल्लीत कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. कायद्याने यावर तोड काढलेली आहे. साक्षीदाराने बंद खोलीत साहेबांसमोर बोलायचं, नाव मोहोरबंद पाकिटात राहतं, आणि कागदावर तो नुसता ‘अ’ नाहीतर ‘ब’. रंगराव साध्या कपड्यांत आठ दारी गेले. सात जणांनी चहा पाजून वाटेला लावलं. आठवी आबेदा बोलली.

आबेदा शिवणकाम करायची. तयार नऊवारी शिवण्यात तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. ढोलपथकातल्या मुली, नवऱ्या मुली, मंगळागौरीच्या बायका, सगळ्यांची मापं तिच्या वहीत. नवरा कासिम वारल्यापासून खाली दुकान आणि वर खोली, एवढंच तिचं जग होतं. वर्गणीला नाही म्हटलं म्हणून सोनू एका संध्याकाळी आत शिरला आणि कोयत्याने मालाची नासधूस करून गेला.

“साहेब, माझं नाव बाहेर नाही ना येणार?” तिने तीनदा विचारलं.

“माझा शब्द आहे,” रंगरावांनी तीनदा सांगितलं.

नोटिशीचा मसुदा कचेरीची लिखापढी सांभाळणाऱ्या हवालदार महिपतींनी केला. त्यांची तीस वर्षं कागदांत गेलेली. त्यांनी लिहिलं होतं, ‘सामनेवाल्याने हत्याराचा धाक दाखवून साक्षीदार अ याच्या मालाची नासधूस केली.’

रंगरावांनी तांबडं पेन उघडलं. “कसली नासधूस? कुठला माल? महिपती, पुन्हा मोघम!” आणि त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात दुरुस्ती केली, ‘शिवावयास आलेली हिरवी नऊवारी कोयत्याने उभी फाडली.’

महिपती घुटमळले. “साहेब, नऊवारी नको. नुसतं ‘कापड’ म्हणू या.”

“कापड अपिलात उडतं. दंडाधिकारी तुम्ही आहात की मी?”

“आपणच, साहेब,” महिपती म्हणाले आणि टाइप करायला बसले.

रंगराव माणूस म्हणून वाईट नव्हते हो. सोनू सुटू नये अशी त्यांची खरीच तळमळ होती. पण आपला कागद उडू नये ही दुसरी तळमळ पहिलीच्या वर कधी चढून बसली, ते त्यांना कळलं नाही. नोटीस त्याच दिवशी सोनूच्या हातात पडली.

चौथ्या दिवशी सोनू सुनावणीला आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा. त्याच्या वकिलाने मुदत मागितली, ती मिळाली. जाता जाता सोनू वळला आणि त्याने हात जोडले.

“काढा ना साहेब बाहेर. मी जाईन, पोरं तर इथंच हायेत. बाकी मावशीचं काम लय भारी हां. गल्लीत नऊवारी दुसरं कोण शिवतंय?”

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. इथे तर त्यांनी अख्खं लुगडं हातात दिलं होतं. महिपती मान खाली घालून कागद लावत राहिले.

दुपारीच ते गल्लीत गेले, या वेळी गणवेशात. दुकानासमोर एका गाडीवर दोघं जण आरामात बसले होते. काही करत नव्हते, नुसते आबेदाकडे पाहत होते. ती आत शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधत होती आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन करून ‘घेऊन जा’ म्हणत होती.

“आबेदाताई, मी बंदोबस्त देतो. दारात शिपाई बसवतो.”

“किती दिवस?”

“त्यासाठी वर अर्ज करावा लागेल. साक्षीदाराची ओळख कशी फुटली, कुणामुळे फुटली, ते लिहून.”

“मग लिहा ना, साहेब.”

ते लिहिलं असतं तर नोटीस रद्द, प्रकरण मातीत, सोनू मोकळा आणि स्वतःवर चौकशी. आणि नाही लिहिलं तर ही बाई एकटी. हे सगळं रंगरावांच्या मनात एका क्षणात येऊन गेलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. तरी त्यांनी खिशातलं पेन काढलं नाही.

आबेदा पुन्हा गाठ मारू लागली.

“तुम्ही शब्द पाळलात. नाव नाही आलं माझं,” ती म्हणाली. “बाकी सगळं आलं.”

“ताई, ऐका तरी...”

“लेक येतेय न्यायला, अलिझा. तिच्या घरी वाघोलीला राहीन. तिथं कुणाची मापं नाहीत माझ्याकडे, पण बघू.” शेवटची गाठ तिने करकचून आवळली. “रागावले आहे मी तुमच्यावर. फार रागावले आहे.”

संध्याकाळच्या आत रिक्षा भरली. मशीन दोघांनी धरून चढवावं लागलं. एका बाजूला अलिझा होती, दुसऱ्या बाजूला रंगराव. दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं. आबेदाने दोनदा ओढून पाहिलं आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, “जरा जोर लावता?”

रंगरावांनी दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं. आवाजाने गल्लीतले दुकानदार बाहेर आले, चहा पाजणारे सातही जण त्यात होते. त्यांतला एक शेजाऱ्याला हळूच म्हणाला, “पोलिसांनीच बंद केलं वाटतं.”

रंगरावांना ते स्पष्ट ऐकू आलं.